बसलेला आवाज आणि सोन्याचा सांधा

एका पावसाळ्यांत, नदीचें पाणी चढत असतां, आम्हीं आठवीच्या वर्गांत विचारलें : “उद्यां सकाळीं पंचगंगेचें पाणी घाटाच्या कोणत्या पायरीपर्यंत आलेलें असेल?” वर्ग स्तब्ध झाला. अखेर मागच्या बाकावरून एक विद्यार्थी उठला व म्हणाला, “गुरुजी, हा प्रश्न परीक्षेस येणार आहे काय?” सर्वच हंसले, आम्हीहि हंसलों. परंतु घरीं जातांना तो प्रश्न मनांतून जाईना. ज्याचें उत्तर गुरुजींसहि ठाऊक नाहीं तो प्रश्नच नव्हे, असें मुलांस वाटूं लागलें असेल, तर त्यांत मुलांचा दोष किती व आमचा किती?

जपानांत टोकियो येथें १९६२ सालीं जन्मलेले केन मोगी नांवाचे मेंदुशास्त्रज्ञ आहेत. लाल फुलाचें लालपण, आंघोळीच्या पाण्याचा पहिला गारवा, असे जे अनुभव ज्याचे त्यालाच कळतात, ते मेंदूंतून कसे उत्पन्न होतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. परंतु त्यांचें लिखाण प्रयोगशाळेपुरतें राहिलें नाहीं. जपानी लोकांचें नित्याचें जीवन, त्यांतील लहानसहान आनंद, इतकेंच काय, सकाळीं उठल्यावर खावयाचें चॉकलेट, यांविषयींहि ते लिहितात. सकाळीं अंथरुणांतून उठण्यास जें कारण होतें त्यास जपानी भाषेंत ‘इकिगाई’ म्हणतात. त्यावरील मोगी यांचें पुस्तक २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. नवें सुचणें व पुढचें ठाऊक नसणें यांचें नातें काय, हा विचार अशा शास्त्रज्ञांच्या वाटेवर वारंवार भेटतो. तोच आज आम्ही आपल्या गांवच्या एका उदाहरणानें तपासून पाहणार आहों.

आधीं मेंदूविषयीं थोडें. आई पदराआड तोंड लपविते व एकदम ‘भोऽ’ करून पदर बाजूस सारते. पाळण्यांतलें मूल खदखदां हंसतें. तोंड पुन्हां दिसणार हें त्यास अर्धवट ठाऊक असतें, परंतु नेमकें केव्हां तें ठाऊक नसतें. ही मौज मेंदूच्या खोल भागांतील कांहीं पेशींशीं जोडलेली आहे. त्या पेशी ‘डोपामीन’ नांवाचें द्रव्य सोडतात. वुल्फ्राम शुल्ट्झ व त्यांचे सहकारी यांनीं माकडांवर प्रयोग करून पाहिलें कीं, रसाचा थेंब अनपेक्षितपणें जिभेवर पडला कीं ह्या पेशी उसळतात. तोच थेंब ठरलेल्या खुणेनंतर नेहमींच मिळूं लागला, कीं थेंबाच्या वेळीं त्या शांत राहतात. उसळी खुणेकडे सरकते. खूण होऊन थेंब मिळाला नाहीं, तर त्यांचें काम क्षणभर मंदावतें. पुढें २००३ सालीं त्यांनीं याहून चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. खूण झाल्यापासून फळ मिळेपर्यंतच्या वेळांत यांतील कित्येक पेशींचें काम हळूहळू वाढत जातें, आणि ही वाढ सर्वांत अधिक केव्हां, तर फळ मिळण्याची व न मिळण्याची शक्यता समसमान असते तेव्हां! जें निश्चित मिळणार किंवा निश्चित मिळणार नाहीं, त्याची वाट मेंदू अशा रीतीनें पाहत नाहीं.

आतां गाणें आठवा. गवई आलाप घेत, ताना घेत समेपासून दूर जातो. तबलजीचा ठेका चाललेला असतो, सम येणार हें ठाऊक असतें. परंतु हा मनुष्य तेथें कोणत्या वाटेनें येणार हें ठाऊक नसतें. तो येतो, आणि सारी बैठक ‘वाहवा!’ म्हणते. ह्या कलेंत ज्यांची बरोबरी करणारे थोडे, असे एक थोर गवई ह्याच करवीरनगरींत राहून गेले. विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांनीं त्यांचा येथील पुतळा पाहिला असेल. परंतु त्यांची कथा फारच थोड्यांस ठाऊक असते.

अल्लादियाखांसाहेबांचा जन्म १८५५ सालीं राजपुतान्यांतील उणियारा येथें झाला. घराणें धृपदियांचें. वडील लवकर वारल्यामुळें चुलते जहांगीरखां यांनीं त्यांस प्रथम धृपद व मग ख्याल शिकविला. मेहनत अशी कीं शेंकडों चिजा तोंडपाठ. आवाजहि उत्तम होता. पुढें एका संस्थानिकाच्या दरबारीं त्यांस दिवसामागून दिवस इतकें गावें लागलें कीं आवाज बसला. चार दिवस गरम पाणी पिऊन सुटावा असा तो बसला नव्हता. गवयाचा आवाज जाणें म्हणजे सुताराचा हात जाण्यासारखेंच. पुष्कळ काळानें आवाज परतला. पण तो पूर्वीचा नव्हता. जुन्या गळ्यास जें सहज साधत होतें, तें ह्या नव्या, जड गळ्यास साधेना.

येथें खांसाहेबांपुढें दोन वाटा होत्या. जुन्या गाण्याचें दुबळें अनुकरण करीत दिवस काढणें ही एक. दुसऱ्या वाटेच्या शेवटीं काय आहे हें कोणासच ठाऊक नव्हतें. त्यांनीं दुसरी धरली. ह्या गळ्यास काय साधतें तें शोधीत शोधीत त्यांनीं नवी गायकी घडविली : आकार मोकळा, लय रेंगाळणारीहि नव्हे व धांवणारीहि नव्हे, तान सरळ न जातां वळणें घेत जाणारी, आणि इतरांनीं क्वचित् गाइलेले अनवट राग. तीच आज जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणून ओळखली जाते. राजर्षि शाहू महाराजांनीं त्यांस कोल्हापूर दरबारीं आश्रय दिला. १९२२ सालीं महाराज निवर्तल्यावर ते मुंबईस राहूं लागले व १९४६ सालीं तेथेंच वारले. आपल्याच गांवचे गोविंदराव टेंबे यांनीं त्यांचें चरित्र लिहिलें आहे. थोरल्या विद्यार्थ्यांनीं तें मिळवून वाचावें.

जपानी घरांत चहाचा आवडता कटोरा फुटला, तर तो कधीं कधीं कारागिराकडे जातो. तो तुकडे एका झाडाच्या चिकट रसानें जोडतो व सांध्यावर सोन्याची पूड बसवितो. ह्या रीतीस ‘किन्त्सुगी’ असें नांव आहे. मौज अशी कीं तो रस कोरड्या हवेंत वाळत नाहीं. त्यास दमटपणा लागतो, आणि घाई तर मुळींच चालत नाहीं. आठवडेच्या आठवडे जातात. ह्या कलेची आख्यायिका पंधराव्या शतकांतील अशिकागा योशिमासा ह्या अधिपतीची सांगतात. त्यानें फुटका कटोरा दुरुस्तीस चीनला धाडला. तो धातूच्या ओबडधोबड टांच्यांनीं जोडून परत आला. मग जपानी कारागिरांनीं अधिक सुंदर उपाय शोधला. आख्यायिका खरी असो वा नसो, सोन्याचा सांधा आपला तडा लपवीत नाहीं, हें कोणासहि दिसतें. खांसाहेबांची तान ऐकतांना आम्हांस हा कटोरा आठवतो.

मात्र येथें एक फसगत होण्याचा संभव आहे. आवाज बसला म्हणून प्रतिभा फुलली, असें कोणी समजूं नये. कित्येक गवयांचे आवाज बसले व ते कायमचेच बसले. खांसाहेबांपाशीं आवाज गेला तरी न जाणारी एक ठेव होती : लहानपणापासून घोटून घेतलेली विद्या. पाठांतरास हंसण्याची आज रीत पडली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. पाठ केलेलें म्हणजे घरांतलें धान्य. पण तें नुसतें कोठारांतच राहिलें, तर त्याला घुशी लागतात, हेंहि खरें.

अमेरिकेंत चार्ल्स लिंब व ॲलन ब्रॉन यांनीं २००८ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. जाझ वाजविणारे सहा वादक चुंबकीय यंत्रांत उताणे निजविले, मांडीवर पस्तीस पट्ट्यांचा लहानसा वाद्यफलक दिला, आणि आधीं पाठ केलेलें व मग आयत्या वेळीं सुचेल तें वाजविण्यास सांगितलें. सुचेल तें वाजवितांना मेंदूच्या पुढील भागांतील, स्वतःवर पहारा ठेवणारा बाजूचा प्रदेश मंदावला. मधला प्रदेश, ज्याचा आत्मभावाशीं संबंध मानतात, तो अधिक जागा झाला. सहाच माणसें होतीं, तेव्हां यावरून सर्व जगाचा नियम बांधणें बरें नव्हे. तरीहि चुकण्याच्या भयानें ज्याचा पहारेकरी कधींच उठत नाहीं, अशा मुलाची आठवण आम्हांस झाल्यावांचून राहिली नाहीं.

पालकांनीं येथें राग मानूं नये. मुलगा घरीं आला कीं ‘किती चुकलें?’ हें प्रथम विचारलें जातें. आम्हीहि वर्गांत तेंच करितों. ‘आज काय समजलें नाहीं?’ असें विचारणारे पालक आमच्या पाहण्यांत फार थोडे आले, आणि शिक्षक त्याहूनहि थोडे. नदीच्या प्रश्नानंतर दुसऱ्या दिवशीं आम्ही वर्गांत गेलों, तेव्हां मागच्या बाकावरचा तोच विद्यार्थी उभा राहिला. तो पहांटे घाटावर जाऊन आला होता. त्याचा अंदाज दोन पायऱ्यांनीं चुकला होता. कां चुकला, यावर त्या दिवशीं वर्गांत जी चर्चा झाली, तींत राधानगरीकडच्या पावसापासून नदीच्या वळणांपर्यंत सर्व कांहीं आलें व भूगोलाचा तास केव्हां संपला तें कळलें नाहीं.

खांसाहेबांच्या शिष्यांपैकीं गोमंतकांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर. अमेरिकेनें १९७७ सालीं अवकाशांत दोन व्हॉयेजर यानें धाडलीं. प्रत्येकावर पृथ्वीचे आवाज भरलेली एक सोनेरी तबकडी आहे, व तींत भारतांतील एकच गाणें आहे : केसरबाईंची भैरवी. पहिलें यान २०१२ सालीं सूर्याचें वायुमंडल ओलांडून ताऱ्यांमधील अवकाशांत शिरलें. ती तबकडी कोणास सांपडेल कीं नाहीं, आणि सांपडली तर ऐकणारास कान असतील कीं नाहीं, हें धाडणारांसहि ठाऊक नव्हतें.