घरी बोलावत नाहीत म्हणून रुसू नकोस

चि. मुक्ता,


पत्र मिळालं. हाँगकाँगच्या मैत्रिणी घरी एकदाही बोलवत नाहीत, उठसूट 'हांग गाय'ला, म्हणजे रस्त्यावर भटकायला, चल म्हणतात, आणि तुला असं उंडारणं पटत नाही. अगं, तीनशे-साडेतीनशे चौरस फुटांत आईवडील, भावंडं, कधी आजीसुद्धा. पाहुण्याला बसवायचं कुठे? गिरगावच्या चाळीत वाढलेल्या तुझ्या आजोबांना हे सांगावं लागलं नसतं. हाँगकाँगची मैत्री रस्त्यावरच मुरते. हांग गाय म्हणजे खरेदी असं कुणी सांगेल, पण पाकीट न उघडताही ती साग्रसंगीत पार पडते.

तेव्हा जा. माँगकॉकला उतरून तुंग चोई स्ट्रीट धरा. लेडीज मार्केटमध्ये फार रेंगाळू नका, तो पसारा मुख्यतः टूरिस्टांसाठी. उत्तरेकडे चालत राहिलं की माशांची दुकानं लागतात. पाण्याने टम्म फुगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या दाराशी ओळीने टांगलेल्या, आत इवले रंगीत मासे, पिशवीवरच किंमत लिहिलेली. फोटो काढायला बरेच दुकानदार नाही म्हणतात, तेव्हा मोबाइल आत ठेव. प्रिन्स एडवर्ड रोड ओलांडला की फुलबाजार. वाटेत दिसेल ते खात जाण्याला 'सोउ गाय' म्हणतात, म्हणजे रस्ता झाडणं! फिशबॉल नको असतील तर अंड्याचं वॅफल घे. आणि चालता चालता ज्या चकाट्या पिटल्या जातात, त्या 'छॉय सॉय'मध्ये तोंड उघड. चुकशील, हसतील, पण वर्गात घोकलेले कँटोनीजचे सहा सूर तिथेच जिभेवर बसतील.

'फोउ' म्हणजेही भटकणंच, पण ते वेगळं. तो शब्द बहुतेक रात्रीच्या बारकडे, लान क्वाय फाँगकडे झुकतो. मैत्रिणीच्या आईसमोर जपून वापर. जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही, पण मध्यरात्र उलटली की थोड्याच वेळात एमटीआर, म्हणजे तिथली मेट्रो, बंद होते, हे ध्यानात ठेव. परतीचं आधी ठरवून निघा.

हो, आणि चाचानथेंगमध्ये, म्हणजे तिथल्या चहा-नाश्त्याच्या हॉटेलात, वेटर 'हांग गाय' ओरडला तर उठू नकोस. ते कुणाचं तरी पार्सल असतं.

येत्या रविवारी कुठे गेलात ते कळव.

तुझी,
मावशी