योहानाचे हात



जळगावच्या सराफ बाजारात सोन्यावर नक्षी कोरणारा कारागीर तुम्ही पाहिला असेल. तशाच कोरणीने तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, रेघांत शाई भरायची, पत्रा वरून पुसून घ्यायचा आणि त्यावर ओलसर कागद जोराने दाबायचा. कागदावर चित्र उमटते, पण उलटे, आरशातल्यासारखे. मध्ययुगाच्या अखेरीस जर्मनीत ही कला सोनारांच्याच हातून वाढली. आल्ब्रेख्ट ड्यूरर हाही सोनाराचा मुलगा, आधी वडिलांच्या हाताखाली शिकलेला. १५११ साली त्याने कोरलेले क्रूसावरील ख्रिस्ताचे चित्र जेमतेम १२ सेंटिमीटर उंच आहे, प्रार्थनेच्या पुस्तकात सहज मावेल एवढे.

असे चित्र दुरून पाहायचे नसते. त्यात रंग नाही, नुसत्या रेघा. दाट होऊन एकमेकींना छेदतात तिथे अंधार, विरळ होतात तिथे उजेड. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना सौंदर्यावर मी पुष्कळ पाने वाचली. चित्र जवळ धरून पाहायला मात्र फार उशिरा शिकलो.

क्रूसाखाली संत योहान उभा आहे. मान वर, दोन्ही हातांची बोटे एकमेकांत घट्ट गुंफलेली. इतर शिष्य पळाले, हा थांबला. पण थांबून करणार काय? खिळे त्याला काढता येत नाहीत. ही असहायता ड्यूररने चेहऱ्यापेक्षा हातांत ठेवली आहे, असे मला वाटते.

मागे एका रुग्णालयात आजाऱ्याला तैलाभ्यंग द्यायला गेलो होतो. खाटेशी मुलगा उभा होता, हात अगदी असेच. म्हणाला, ‘‘फादर, मी काहीच करत नाहीये, नुसता उभा आहे.’’ तेव्हा मला उत्तर सुचले नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा १९ वा अध्याय घरी येऊन पुन्हा वाचला. प्रभूने आपली आई सोपवली ती याच नुसत्या उभ्या असलेल्या शिष्याकडे.

हे हात आपल्या देशातही एकाने निरखून पाहिले. १५८० साली गोव्याहून गेलेल्या येशूसंघीय फादरांनी फत्तेपूर सिक्रीला अकबर बादशहाला अँटवर्पला छापलेले सचित्र बायबल भेट दिले. पुढे युरोपातली अशी कोरीव चित्रे मोगल चित्रकार हौसेने उतरवू लागले. १६०० च्या सुमारास अबुल हसन नावाच्या बारा-तेरा वर्षांच्या मुसलमान मुलाने ड्यूररच्या चित्रातला एकटा योहान काढला. वर क्रूस नाही, शेजारी मरिया नाही. तरी हा कोणाकडे पाहतो आहे ते कळते. ते चित्र आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. (त्याच सुमारास अकबर आपल्या खानदेशात, बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाला वेढा घालून बसला होता आणि फादर जेरोम झेवियर त्याच्यासोबत होते. रावेरच्या पुढे जाल तेव्हा आठवा!)

दोन्ही चित्रांच्या प्रती चर्चच्या फलकावर लावल्या आहेत. मिस्सानंतर या, भिंग माझ्याकडे मिळेल. आधी हात पाहा, मग रेघा. त्या मुलालाही मी बोलावले आहे.

आपले फादर