जुन्या लॅपटॉपवर लिनक्स

प्रश्न : माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत नाही. लिनक्स मला जमेल का?

उत्तर : नक्की जमेल. लिनक्स मिंटपासून सुरुवात करा. त्याची एक्सएफसीई आवृत्ती हलकी आहे, ४ जीबी रॅमवर ती नीट चालते. ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करण्याची फाइल) एचर या प्रोग्रॅमने चढवा आणि लॅपटॉप त्यावरूनच सुरू करा. हार्डडिस्कला हात न लावता सगळं वापरून बघता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर तेव्हाच तपासा. मला तर ही सोय सर्वांत मोलाची वाटते. लिबरऑफिस सोबतच येतं. मराठीसाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडा. इन्स्टॉल करताना डिस्क पुसण्याचा पर्याय निवडलात तर विंडोजसकट सगळं जाईल. त्यामुळे फोटो, कागदपत्रं आधी दुसरीकडे उतरवून घ्याच.