जालन्याची एमएच-२१ गाडी नटवताना: खर्च, कागद आणि दंड

गाडी नटवण्याचा पहिला खर्च दुकानात होतो, दुसरा आरटीओत, तिसरा विम्याचा दावा अडकला की आणि चौथा गाडी विकताना. दुकानदार तुम्हाला फक्त पहिला सांगतो. खाली दिलेले बाजारभाव मोघम आहेत, गाडी आणि दुकान बघून वरखाली होतील. घासाघीस करायला तेवढे पुरेत. शुल्क आणि दंड मात्र कायद्यातले आणि नियमांतले आहेत.

आधी सोपं काम उरकू. सीट कव्हर (५ ते १२ हजार), मॅट, अँड्रॉइड स्टिरिओ (८ ते २० हजार), मागचा कॅमेरा, सिरॅमिक कोटिंग (१२ ते ३० हजार): यांपैकी कशालाही आरटीओचा कागद लागत नाही. फक्त सीटमध्येच साइड एअरबॅग असेल तर साधं कव्हर घालू नका. बाजूला एअरबॅगसाठी मोकळी शिवण असलेलंच मागा. नाहीतर अपघातात कव्हर फाटत नाही आणि आतली बॅगही उघडत नाही.

आरसीवर काय चढवावं लागतं

कसोटी सोपी आहे. आरसीवर जे लिहिलंय ते बदललं, तर आरटीओला कळवायचं. रंग, इंधन, इंजिन, आसनसंख्या, बॉडीचा प्रकार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बदल केल्यापासून १४ दिवसांच्या आत नोंद हवी. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल तर परवानगी मागूनही मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. चेसिस कापून गाडी लांब करणं, हार्डटॉपचं छप्पर उडवणं यासाठी जालन्यात कोणी ‘पासिंग करून देतो’ म्हणालं, तर तो तुम्हाला कागद देणार नाही, आश्वासन देणार आहे.

रंग बदलायचा तर पूर्ण गाडीचं पेंटिंग २५ ते ६० हजार, रॅपिंग ४० हजार ते लाखभर. रॅप म्हणजे रंग नव्हे, असं दुकानात सांगतात. रस्त्यात थांबवणारा मात्र आरसीवरचा ‘व्हाइट’ आणि समोरची काळी गाडी बघतो. गाडी पूर्ण वेगळ्या रंगात झाकणार असाल तर नोंद करा. सरकारी शुल्क किरकोळ आहे: खासगी चारचाकीला आरसीतल्या बदलासाठी ३०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २००, वर टपालखर्च. एजंट याच कामाचे दोन-तीन हजार मागतो. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर स्वतः भरता येतो आणि शुल्कही तिथेच भरायचं. मग छापील अर्ज आणि गाडी घेऊन जालन्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात जायचं. बरोबर मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, आधार, पॅन, गॅरेजचं जीएसटी बिल आणि चेसिस नंबरचा पेन्सिल छाप ठेवा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं लेखी संमतिपत्रही लागतं. ते मिळायलाच सगळ्यात जास्त दिवस जातात, म्हणून रंगाच्या दुकानाआधी बँकेत जा.

अंबड, परतूर, भोकरदनकडच्यांनी एक लक्षात ठेवावं. तालुक्याला आरटीओचा कॅम्प लागतो, पण प्रत्येक काम कॅम्पात होत नाही. आधी फोन करा आणि मगच साठ-सत्तर किलोमीटरचं पेट्रोल जाळा.

सीएनजी किट ४५ ते ७० हजारांना बसतं. किट आणि ते बसवणारा, दोघेही मान्यताप्राप्त हवेत. टाकीला पेसोची मान्यता हवी (स्फोटक पदार्थांची सुरक्षा बघणारी केंद्राची ही संस्था, तिचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे). टाकीची हायड्रो चाचणी दर ३ वर्षांनी असते आणि तिचा खर्च दुकानदार कधीच सांगत नाही. किट बसवल्यावर आरसीवर इंधनाची नोंद करून घ्या. नोंद न केलेल्या किटवर पंपवाल्याने गॅस भरून दिला, म्हणजे काम झालं असं नाही. आणि तुमच्या रोजच्या वाटेवर पंप किती आहेत, रांग किती असते, हे पैसे देण्याआधी स्वतः दोन दिवस जाऊन बघा.

लोखंड स्वस्त आहे म्हणून

जालना हे स्टीलचं गाव. सळया लाटणाऱ्या मिल इथे, वेल्डर इथे, पाइप वाकवणारे इथे. त्यामुळे ‘पुढे एक दणकट गार्ड लावून दे’ हे काम इतर जिल्ह्यांपेक्षा इथे सोपं वाटतं, आणि चार-सहा हजारांत होतंही. करू नका. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच सगळ्या राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं आहे. त्याहून महत्त्वाचं कारण यांत्रिक आहे. पुढचा बंपर आणि त्यामागचे भाग चुरगळून धक्का खातात आणि सेन्सर त्या धक्क्यावरून एअरबॅग उघडायची की नाही ते ठरवतो. चेसिसला थेट वेल्ड केलेला गार्ड धक्का आतल्या माणसांकडे पोचवतो आणि सेन्सरला चुकीचा निरोप देतो. समोरच्या पादचाऱ्याचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. बकरी आडवी आल्यावर हेडलाइट वाचावा एवढीच तुमची अपेक्षा असेल, तर हेडलाइटचा खर्च परवडतो.

काळ्या मातीच्या शेतरस्त्याला गाडी खाली घासते म्हणून स्प्रिंगमध्ये स्पेसर घालायची फॅशन आहे. दोन-चार हजारांचं काम. पण पाठोपाठ अलाइनमेंट बिघडतं, टायर एका बाजूने झिजतात, वळणावर गाडी झुलते. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे. त्या वेगाला स्पेसरवर उभी असलेली गाडी मला नको. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी जो टायर देते, तो घाला. तेवढी उंची पुरते आणि स्पीडोमीटरही फारसा खोटं बोलत नाही. मॅगव्हीलचा १६ इंची संच २८ ते ४५ हजारांना येतो. रिप्लिका घेतलात तर खड्ड्यात वाकतो, फुटतो; बिलावर उत्पादकाचं नाव आणि भारक्षमता लिहून घ्या.

रस्त्यावर ज्यासाठी थांबवतात

काळ्या काचा. जालन्याच्या मे महिन्यात मोह होणारच. नियम असा: पुढची-मागची काच ७० टक्के आणि बाजूच्या काचा ५० टक्के प्रकाश आत सोडणाऱ्या हव्यात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये काचेवर फिल्म चिकटवायलाच मनाई केली. ‘ही ५० टक्केवाली आहे, चालते’ हे दुकानातलं वाक्य रस्त्यावर तुमच्या बाजूने उभं राहत नाही. फिल्मला ४ ते १० हजार, दंड वेगळा, ती जागेवर खरवडून काढताना मागच्या काचेच्या डिफॉगरच्या तारा निघाल्या तर ती काचही वेगळी. गाडी उभी असताना लावायचा चंदेरी पडदा तीनशे रुपयांना मिळतो.

सायलेन्सर. फटाके वाजवणारा पाइप १० ते २५ हजार. आवाज आणि धुराचे निकष मोडल्यास कलम १९०(२) खाली १० हजारांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्स बाळगायला ३ महिने अपात्रता. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रिमॅप २० ते ४० हजारांना करून देतात. तो बाहेरून दिसत नाही, पण डिझेल गाडीने काळा धूर ओकला की पीयूसीला अडकतो. पीयूसी पेट्रोलला १२५ आणि डिझेलला १५० रुपये. आणि इंजिनाची वॉरंटी? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला रिमॅप सापडला की संपली.

अनेक सुरांचे हॉर्न, लाल-निळे झगमगते दिवे, समोरच्याचे डोळे दिपवणारे एलईडी बार: सगळं नियमाबाहेर. लाल दिवा तर १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाडीवरूनही उतरला, तुमच्या गाडीवर काय करतोय?

नंबर प्लेट. ४१४१ चं ‘दादा’, ४९१२ चं ‘पवार’. कला म्हणून कौतुक आहे, प्लेट म्हणून नाही. नंबर इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच हवा. मराठी आकड्यांची प्लेटही बसत नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट लावावीच लागते: चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये १० पैसे. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर जा, एमएच-२१ निवडा, तिथूनच पुढे जा. गुगलवर शोधून आलेल्या पहिल्या दुव्यावर पैसे भरू नका, हुबेहूब दिसणाऱ्या बनावट साइट आहेत. फिटिंगचे वर शंभर-दोनशे कोणी मागितले तर पावती मागा. आवडीचा नंबर हवाच असेल तर रीतसर घ्या. ऑगस्ट २०२४ च्या वाढीनंतर चारचाकीच्या ०००१ ला ५ लाख लागतात. साधे पसंतीचे आकडे त्याच्या कितीतरी खाली आहेत.

या सगळ्यावर एक सामायिक कलम आहे, १८२ क (४): परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५ हजार दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलाला’ हे शब्द नीट वाचा. चलनावर येणारी तडजोडीची रक्कम राज्याच्या अधिसूचनेप्रमाणे कमी असू शकते, पण कायद्यातला धोका हा आहे.

वायर आणि विमा

माझ्या जुन्या गाडीत एकाने शंभर वॉटचे बल्ब टाकून दिले, मूळ वायरिंगवरच. बदनापूरच्या अलीकडे होल्डर वितळला. रात्री साडेदहाला अंधारात उभं राहून मी शिकलो ते एवढंच: दिवा, हॉर्न, स्टिरिओ काहीही लावताना ‘कपलर टू कपलर, रिले आणि फ्यूजसह’ असं बिलावर लिहून घ्यायचं. वायर कापून टेप गुंडाळणारा हजार रुपये वाचवतो. पुढे गाडीला आग लागली की सर्व्हेअर आधी तोच सांधा शोधतो.

विमा कंपनीला कळवणं स्वस्त आहे. बाहेरून बसवलेल्या विद्युत वस्तूंच्या किमतीवर ४ टक्के जादा हप्ता: ३० हजारांच्या सिस्टिमला वर्षाला १,२०० आणि जीएसटी. सीएनजी किटलाही किमतीच्या ४ टक्के, शिवाय थर्ड पार्टीचे ६० रुपये. कळवलं नाही तर चोरीला गेलेल्या वस्तूचे पैसे मिळत नाहीत, आणि किट न कळवता अपघात झाला तर मुख्य दावाही वादात पडतो. ईमेलने कळवा, पॉलिसीवर शेरा घ्या. एजंटला तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही.

शेडमध्ये गाडी बनवणाऱ्यांसाठी

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून सुमारे ६० हजारांत किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. उद्योगपती आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, त्याच दमात ती नियमांत बसत नाही हेही म्हटलं, आणि जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात लोहारांना नवी बोलेरो मिळाली. तुमच्यासाठी मतलब एवढाच की स्वतः जोडलेल्या गाडीला एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेची मान्यता नसेल, तर नोंदणी नाही आणि विमाही नाही. ती शेतात, स्वतःच्या आवारात फिरवा. प्रत्येकाला बोलेरो मिळत नाही.

हरियाणातल्या मंडी डबवालीची सजवलेली उघडी जीप मोबाईलवर फार देखणी दिसते. आगाऊ रक्कम पाठवण्याआधी चार गोष्टी मागा: आरसी, चेसिस आणि इंजिन नंबरचे स्पष्ट फोटो, तिथल्या आरटीओची एनओसी, आणि आरसीवरचं उत्पादन वर्ष. बॉडी नवी आणि कागद चाळीस वर्षांपूर्वीचे, असा हा बाजार आहे. इथे आणल्यावर १२ महिन्यांच्या आत नवा नंबर आणि महाराष्ट्राचा रस्ता कर, त्यावर जुन्या गाडीचं नूतनीकरण. जीपचा भाव सांगणारा यातला एकही आकडा सांगत नाही.

आजोबांची फियाट किंवा बाबांची जिप्सी जपणाऱ्यांनी हिशेब असा धरावा. १५ वर्षांनंतर खासगी कारचं नोंदणी नूतनीकरण ५ हजार, २० वर्षांनंतर ऑगस्ट २०२५ पासून १० हजार, दर ५ वर्षांनी. पर्यावरण कर वेगळा. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये जादा, तेव्हा मुदत कॅलेंडरवर लिहा. गाडी ५० वर्षांवर गेली असेल आणि चेसिस, बॉडी, इंजिन मूळचं असेल तर ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते: २० हजार, १० वर्षांसाठी, पुढे नूतनीकरणाला ५ हजार. प्लेटवर ‘व्हीए’ येतं, पण रोजच्या फिरण्याला ती वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, बस्स.

रविवारी चार मित्र गाड्या घेऊन जमणार असाल तर खासगी जागा घ्या. समृद्धीच्या कडेला रांग लावून रील काढू नका. रस्त्यावर शर्यत लावल्याचा पहिला गुन्हा ५ हजार किंवा ३ महिने, दुसरा १० हजार किंवा वर्षभर. नंबर, चेहरा, तारीख सगळं त्या रीलमध्ये तुम्हीच दिलेलं असतं.

काढलेले मूळ दिवे, हॉर्न, चाकं, सायलेन्सर दुकानदाराला ‘असू दे’ म्हणून सोडून येऊ नका. पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना गिऱ्हाईक मूळ अवस्थेतल्या गाडीलाच नीट भाव देतं. तुमची मॅगव्हील काढून वेगळी विकली तर निम्मे पैसे तरी सुटतात. गाडीबरोबर दिली तर त्यांचा भाव शून्य.