डिकीवरचं नाव आणि चेसिस नंबर

चीनमध्ये नोकरीला जाऊन तिथे जुनी गाडी घेणाऱ्या आपल्या माणसांसाठी हे लिहितो आहे. मी केलेली चूक त्यांनी करू नये, एवढीच इच्छा.

२०१४ साली मी सुचौला होतो. पुण्यात बाबांकडे शेव्हरोले ऑप्ट्रा होती. पहिल्याच आठवड्यात तीच गाडी सुचौच्या रस्त्यावर दिसली आणि जीव सुखावला. पुढे मात्र ब्यूकचं चिन्ह होतं आणि डिकीवर ‘एक्सेल’ हे नाव. मूळ गाडी कोरियाच्या देवूची, लासेट्टी. देवू जनरल मोटर्सकडे गेल्यावर भारतात तिची ऑप्ट्रा झाली. चीनमध्ये शांघायच्या संयुक्त कंपनीने २००३ पासून ती ब्यूक या अमेरिकी नावाने विकली.

ऑफिसातले चिनी सहकारी म्हणायचे, “खाययुए घे, सुटे भाग कुठेही मिळतात.” खाययुए हे एक्सेलचं चिनी नाव. एका दलालाकडे २०११ची गाडी मिळाली. डिकीवर ‘एक्सेल जीटी’. आपल्याकडे व्हीएक्स, झेडएक्स असतात, तसं जीटी म्हणजे त्याच गाडीचं वरचं मॉडेल, असं मी धरून चाललो. दलाल खोटं बोलला नाही. मीच काही विचारलं नाही.

सप्टेंबर संपत आला होता. १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत बायको आणि मुलीला घेऊन हांगचौला जायचं ठरलं होतं. ब्रेक दाबला की करकर आवाज येत होता, म्हणून ‘एक्सेल, २०११’ एवढं सांगून पुढचे ब्रेक पॅड मागवले. गॅरेजमध्ये चाकं निघाली, जुने पॅड निघाले, पण नवे काही केल्या कॅलिपरमध्ये बसेनात. तिथला पोरगा म्हणाला, “कडा घासून बसवतो.” सुट्टी तोंडावर आलेली. मी मान डोलावली.

तेवढ्यात म्हातारे शीफू आले. तिकडे कुठल्याही कारागिराला आदराने शीफूच म्हणतात. त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं, जुना आणि नवा पॅड शेजारी ठेवला आणि टोकांच्या कानांवरून बोट फिरवलं. आकारच वेगळा होता. “हा खाययुएचा. तुझी यिंगलांग आहे,” ते म्हणाले आणि पोराच्या हातातली कानस काढून घेतली.

यिंगलांग, म्हणजेच एक्सेल जीटी, २०१०मध्ये आली. तिचं घराणं जर्मनीच्या ओपेल ॲस्ट्राचं, देवूशी तिचा संबंध नाही. चिनी माणसाचा घोळ होत नाही, कारण त्याच्यासाठी ही दोन वेगळी नावं आहेत. घोळ होतो तो डिकीवरची परदेशी अक्षरं तेवढी वाचणाऱ्या आपल्यासारख्यांचा. दोन्ही गाड्या त्या काळात बरोबरीने विकल्या जात होत्या, त्यामुळे ‘२०११ची एक्सेल’ यातली कुठलीही असू शकते.

हांगचौ राहिलं. पण घासलेले पॅड लावून मुलीला घेऊन हमरस्त्यावर निघालो असतो, हा विचार आजही अंगावर काटा आणतो.

म्हणून सांगतो:

• गाडीचं चिनी नाव विचारा आणि समोरच्याकडून चिनी अक्षरांत लिहून घ्या.

• १७ अक्षर-अंकांचा चेसिस नंबर पुढच्या काचेच्या तळाशी दिसतो. तो कागदपत्रांशी ताडून पाहा. शांघायच्या या संयुक्त कंपनीच्या गाड्यांचे नंबर ‘एलएसजी’ने सुरू होतात. सुटा भाग मागवताना नाव आणि साल पुरेसं नाही, हा नंबर द्या.

• नोंदणीच्या कागदावर मॉडेलचा संकेतांक असतो. ‘एसजीएम ७१६’ अशा आरंभातला ७ म्हणजे प्रवासी मोटार, त्यापुढचे १६ म्हणजे १.६ लिटरचं इंजिन. दोन्ही गाड्यांत १.६ लिटर मिळायचं, तेव्हा संकेतांक शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा.

• जुना भाग नव्याशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय काम पुढे जाऊ देऊ नका.

• ब्रेक आणि स्टिअरिंग यांत जुगाड नको. कुणी “घासून बसवतो” म्हणालं, तर गाडी तिथेच राहू द्या आणि रिक्षा, बस, रेल्वे, मिळेल त्याने घरी जा.

शीफूंनी त्या दिवशी माझ्या चेसिस नंबरचा फोटो काढायला लावला. तो दाखवून मागवलेले पॅड चार दिवसांनी आले आणि हात लावताच जागेवर बसले.