घाट उतरताना

वनरक्षक भरती निघाली की बालाघाटच्या रस्त्यांवर पहाटे चालणारी पोरं दिसू लागतात. मुलांना ४ तासांत २५ किलोमीटर चालायचं असतं, मुलींना १४. म्हणजे मुलांच्या वाट्याला किलोमीटरमागे साधारण साडेनऊ मिनिटं येतात.

अशाच एका भरतीसाठी माझा भाचा आमच्याकडे राहायला आला. हाताशी दिवस थोडे, म्हणून त्याने थेट बैहर रस्त्यावरचा गांगुलपाऱ्याचा घाट धरला. चढताना चालायचं, उतरताना धावायचं आणि वर मित्रांशी पैज लावून बैठका. दोन दिवसांत त्याला जिना उतरवेना. "मामाजी, लॅक्टिक ॲसिड साचलंय. आज पळालो की निघून जाईल," असं वर मलाच सांगत होता.

त्या आम्लाची उगीच बदनामी झाली आहे. व्यायाम थांबला की तास-दीड तासात ते रक्तातून निवळतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या ठणकतात त्या स्नायूंना झालेल्या बारीक दुखापतीने, आणि ती बहुधा उतारावर होते.

स्नायू आखडतो तेव्हा त्याच्या आतले तंतू आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. १९५४ साली शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी हे एकाच वेळी मांडलं. मज्जातंतूचा संदेश आला की पेशीत साठवलेलं कॅल्शियम सुटतं आणि मायोसिनच्या तंतूंची इवली डोकी ॲक्टिनच्या तंतूला धरून ओढतात. धरलेलं सोडायला एटीपी हे इंधन लागतं. (मेल्यावर देह ताठरतो तो हे इंधन संपल्यामुळे.) चढावर मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो. उतारावर मात्र तो जोर लावत असतानाच शरीराच्या वजनाने ताणला जातो. धरून ठेवलेली पकड खेचून सुटते, काही तंतू विस्कटतात, पेशीचं आवरण फाटतं. गंमत अशी की उतारावर दम लागत नाही, त्यामुळे आपण किती मोडतोय ते कळतच नाही.

भाच्याने दुखण्यावर गोळ्या घेतल्या, पाणी जेमतेम प्यायला आणि पुन्हा पळाला. संध्याकाळी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. डॉक्टरांनी रक्त तपासून लगेच सलाईन लावलं. फुटलेल्या पेशींतलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडावर आलं होतं. पाणी कमी पडलेलं असताना वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडावर आणखी भार टाकतात. पोरगा बरा झाला, भरती मात्र हुकली.

म्हणून तयारी करणाऱ्यांना मी सांगतो, लघवीचा रंग असा गडद दिसला तर तेल-मालीश करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. साधा ठणका दोन-तीन दिवसांनी उतरू लागतो, तेवढे दिवस सपाटीवर हळू चाला. उतार टाळायचाही नाही, फक्त सुरुवात थोड्याने करायची. एकदा हलका उतार पचवलेला स्नायू पुढचे काही आठवडे तोच उतार पुष्कळ सहज सोसतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ताकद वाढल्यासारखी वाटते, पण ती बहुतेक मज्जासंस्थेची शिकवणी असते. स्नायूतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया वाढायला आठवडे-महिने जातात. लांब चालीला कामाला येतात त्या याच. त्यांना रोज थोडं काम हवं, आणि मध्ये विश्रांती, कारण डागडुजी तेव्हाच होते.

उन्हाळ्यात आणखी सांभाळा. स्नायूत खर्च होणाऱ्या ऊर्जेचा तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग उष्णता होऊन बाहेर पडतो, आणि मे महिन्यात हवा ती घेत नाही. मे २०२४ मध्ये याच २५ किलोमीटरच्या चालीत बालाघाटला एक उमेदवार दगावला. गरगरलं, मळमळलं, बोलणं अडखळलं तर तिथेच थांबा, सावलीत जा, अंगावर पाणी ओता.

चाचणीआधीच्या आठवड्यात घाटाकडे फिरकू नका. त्या दिवसांत केलेल्या मेहनतीचं फळ चाचणीपर्यंत हाती लागत नाही, ठणका मात्र लागतो. मांड्यांना तेल हवं तर चोळा. त्याने तंतू जुळत नाहीत, पण झोप बरी लागते.