अक्षतांचा हात

आमच्या दिवाणखान्यात एक फोटो लावलेला आहे. त्यात माझ्या आईचा फक्त हात दिसतो, अक्षता टाकायला उचललेला. चेहरा कुणाच्या तरी खांद्याआड गेला आहे. माझ्या भाच्याने मोबाइलवर घाईत टिपलेला हा फोटो. मुलीच्या लग्नातली आईची एवढीच आठवण आमच्याकडे उरली. लग्नानंतर पाच महिन्यांनी आई गेली.

फोटोग्राफर आम्ही चांगला पाहून ठरवला होता. त्याचे अल्बम देखणे होते, बोलणं गोड होतं. आम्ही निम्मे पैसे आगाऊ दिले. लग्नाच्या दिवशी मात्र कॅमेरा घेऊन आला तो वेगळाच मुलगा. तिथी मोठी होती. त्या फोटोग्राफरने एकाच मुहूर्तावर दोन ऑर्डरी घेतल्या होत्या आणि आमची दुसऱ्याकडे सोपवली होती. कार्य अंगावर असताना भांडणार कोण? आम्ही गप्प बसलो.

महिन्याभराने कळलं, की गौरीहरापासून सप्तपदीपर्यंतचे फोटोच नाहीत. सकाळचं कार्ड भरल्यावर त्याने ते बॅगेत टाकलं, रात्री उतरवून घेतलं नाही आणि दुसऱ्या दिवशी तेच कार्ड पुसून पुढच्या लग्नाला वापरलं. पुसलेल्या कार्डावरचे फोटो कधी कधी परत मिळवता येतात, पण त्यावर नवे फोटो पडले की आधीचे हाती लागत नाहीत. पैसे बऱ्याच हेलपाट्यांनंतर परत मिळाले. पैशांनी काय होणार होतं?

मागच्या वर्षी मुलाचं लग्न काढलं, तेव्हा शहाणपण शिकूनच फोटोग्राफर शोधायला निघाले. ज्यांच्या घरी कार्य आहे, त्यांच्यासाठी ते इथे लिहिते.

अल्बम पाहून भुलू नका. अल्बममध्ये दहा लग्नांतले निवडक फोटो असतात. आपल्यासारख्याच कार्यालयात झालेलं एक लग्न पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत दाखवा, असं सांगा. अंधाऱ्या हॉलमधले चेहरे, पंगत, पाठवणी कशी आली आहे ते बघा. मग त्या घरच्यांना फोन करून दोनच गोष्टी विचारा: सांगितलेला माणूस आला का, आणि अल्बम कबूल केलेल्या तारखेला मिळाला का?

प्रत्यक्ष कॅमेरा कोण धरणार, त्याचं नाव करारात लिहून घ्या. तो आजारी पडला तर कोण येईल, तेही लिहा.

मुहूर्ताला दोन माणसं हवीतच. अंतरपाटाच्या एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला मुलगा. एक कॅमेरा एकीकडचाच चेहरा टिपू शकतो. अंतरपाट दूर होतो, हार पडतात, तेवढ्यात सगळं गणगोत स्टेजवर लोटतं. तो क्षण पुन्हा करून दाखवता येत नाही. त्यामुळे आपले विधी ठाऊक असलेला माणूस घ्या. कानपिळीला वधूचा भाऊ कुठून येतो, सूनमुख कधी बघतात, हे त्याला ऐन वेळी सांगावं लागू नये.

फोटो कुठे साठवता, हा प्रश्न संकोच न करता विचारा. काही कॅमेऱ्यांत दोन कार्डं बसतात आणि प्रत्येक फोटो दोन्हींवर एकदमच उतरतो. तसाच कॅमेरा मागा. त्याच रात्री फोटो दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, हे करारात घाला. आमच्या घरचं सगळं नुकसान या एका ओळीने टळलं असतं.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता फोटो व अल्बम हातात आल्यावरच. अल्बमचा आकार, पानं, व्हिडिओची लांबी, तारीख, सगळं कागदावर हवं. पावती जपा. सेवेत कसूर झाली तर ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणून सही करण्याआधी त्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा.

पाहुण्यांनी मोबाइलवर काढलेले फोटोही आठवड्याभरात गोळा करा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवले तर ते बारीक होतात. डॉक्युमेंट म्हणून मागवा.

मुलाच्या लग्नातला फोटोग्राफर आदल्या दिवशी कार्यालय बघायला आला. मी त्याच्या हातात नावांची यादी ठेवली. सासूबाई, थोरले दीर, गावाकडची आत्या, ज्यांचं वय झालंय अशी आठ माणसं. सीमांतपूजनाआधी त्याने त्या प्रत्येकाला जवळ जाऊन नमस्कार केला, चेहरे लक्षात ठेवले. अल्बम आला तेव्हा मी आधी ती आठ माणसं मोजली. आठही होती, आणि आत्या तर मनापासून हसत होती.

तुमच्या घरी कार्य ठरलं, की पत्रिका छापायच्या आधी ही यादी करा. आईचं नाव सगळ्यात वर लिहा.